भांडे टाकायचे नसते, त्याला कल्हई करायची असते

वाचकाचे पत्र

मी मूळची ठाण्याच्या चरईतली. लग्न होऊन इस्राएलमधल्या अश्दोदला आले त्याला आता 26 वर्षे झाली. तीन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतल्या एका बाईंमुळे मी कब्बालाच्या, म्हणजे यहुदी गूढविद्येच्या, अभ्यासवर्गाला जाऊ लागले. तेथे आम्ही विसाव्या शतकातले कब्बालाचे आचार्य रब्बी (धर्मगुरू) येहुदा अश्लाग यांचे लेख वाचतो. माणूस मुळातच ‘घेण्याची इच्छा’ आहे आणि तो जे काही करतो ते स्वतःसाठीच करतो, हे तेथे शिकले आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. माझ्या सासूबाई 86 वर्षांच्या असून अंथरुणाला खिळलेल्या आहेत. मी त्यांना रोज दुपारी पेज भरवत असे. एके दिवशी ओल्या फडक्याने त्यांचे तोंड पुसताना मनात आले की नणंद आत्ता दारात यायला हवी होती, म्हणजे तिने हे पाहिले असते. त्या विचाराची मला इतकी शिसारी आली की दुसऱ्या दिवसापासून ते काम मी पगारी बाईवर सोपवले. ढोंगाने सेवा करण्यापेक्षा न केलेली बरी, असे वाटले. वर्गातल्या एका मैत्रिणीचे शिक्षकांनी कौतुक केले तेव्हाही पोटात आग पडली. मग मी मन मारायचे ठरवले. मधुमेहाच्या गोळ्या चालू असूनही सोमवार-गुरुवारचे उपास धरले. वेलदोड्याचा चहा मला जीव की प्राण, तो सोडला. नवीकोरी साडी बहिणीला देऊन टाकली, पण देतानाही ‘मी दिली’ असे आत कोणीतरी बोललेच. नवरा म्हणतो, तू घरात असूनही नसल्यासारखी झाली आहेस. पुढच्या महिन्यात मुलाच्या नोकरीचा नवस फेडायचा आहे. माझ्या हातचा मलिदा चांगला होतो असे सगळे म्हणतात, म्हणून तोही जावेलाच करायला सांगावा असे मनात आहे. ही स्वार्थी वासना मरेल कशी? की माझ्यासारखीने हा अभ्यासच सोडून द्यावा?

उत्तर

प्रिय ताई,

सप्रेम शालोम. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना सासूबाईंच्या खोलीतला तो पेजेचा वाडगा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून उत्तराची सुरुवात त्याच्यापासूनच करते. उद्या दुपारी तो वाडगा पुन्हा तुमच्या हातात घ्या. मन शुद्ध होण्याची वाट पाहू नका. असे का म्हणते ते पुढे सविस्तर सांगणार आहे, परंतु सासूबाईंची भूक माझ्या स्पष्टीकरणासाठी थांबणारी नाही. दुसरी गोष्टही तितकीच तातडीची आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेत असताना डॉक्टरांना न विचारता आठवड्यातून दोन उपास करणे धोक्याचे आहे, ते आजच थांबवा. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला आपला यहुदी धर्म योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासातूनसुद्धा मोकळे करतो, मग स्वतःहून लादून घेतलेल्या उपासाची काय कथा.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. तुमच्या पत्रातल्या ‘वासना’ या शब्दापाशी मी अडखळले. तुम्ही अश्लागांचे लेख हिब्रूतून वाचता, पण ते तुमच्या आत पोचतात ते मराठीतून. माझेही तसेच होते. आपण ठाणे-मुंबई-कोकणात वाढलेली माणसे आहोत. शेजारच्या अंगणातली प्रवचने आपल्या कानांवरून गेली आहेत, आणि आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, समाजाने तर एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर स्वतःची मराठी कीर्तने रचली. त्यामुळे स्वार्थ म्हटला की वासना, वासना म्हटली की ती मारणे, आणि मारणे म्हटले की उपास आणि त्याग, ही साखळी आपल्या मनात आपोआप ओढली जाते. त्या शब्दांना त्यांच्या घरी मोठा मान आहे आणि तो योग्यच आहे. पण अश्लाग ज्याला ‘रात्सोन लेकाबेल’, म्हणजे घेण्याची इच्छा, म्हणतात ती ही वासना नव्हे. त्यांच्या मांडणीत निर्मात्याने नव्याने निर्माण केलेली एकमेव गोष्ट म्हणजे ही इच्छा. प्रकाश त्याच्यापाशी होताच, तो घेणारे कोणी नव्हते. म्हणून कब्बालात इच्छेला ‘केली’ म्हणतात, आणि केली म्हणजे भांडे. भांडेच फोडून टाकले तर त्याने जे द्यायचे ठेवले आहे ते तो कशात ओतणार?

चरईत कल्हईवाला येत असे, तो तुम्हाला आठवत असेल. पितळेचे पातेले आतून हिरवट झाले की त्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवता येत नसे. ठेवली तर ती कळकत असे आणि खाणाऱ्याला मळमळत असे. पण म्हणून कोणी पातेले उकिरड्यावर टाकले नाही. कल्हईवाला रस्त्याच्या कडेला खड्डा करून भाता लावी, पातेले निखाऱ्यांवर तापवी, आणि नवसागर टाकताच पांढऱ्या धुराचा असा लोट उठे की आम्ही पोरी पदराने नाक दाबून मागे पळत असू. मग तापलेल्या पातेल्याला आतून कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो ती गरगर फिरवी, आणि बघता बघता आतून चांदीसारखी झळाळी येई. पातेले तेच असे, त्याची पोकळी तीच असे, त्यात मावणारे ताकही तेवढेच असे. मधे फक्त एक पातळ थर आलेला असे, आणि त्या थरामुळे कालपर्यंत ज्या पातेल्यात ताक नासत होते त्याच पातेल्यात ते गोड राहू लागे.

इच्छेला अशी कल्हई करण्याला कब्बालात ‘तिक्कून’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा साधा अर्थ दुरुस्ती असा आहे. ‘बेरेशीत रब्बा’ या मिद्राशात, म्हणजे शास्त्रावरच्या प्राचीन भाष्यात, म्हटले आहे की देवाच्या आज्ञा दिल्या गेल्या त्या माणसे शुद्ध व्हावीत म्हणून, आणि तेथे शुद्ध करण्यासाठी वापरलेले क्रियापद सोनाराच्या भट्टीतले आहे. भट्टीत घातलेली वस्तू सोनार मोलाची मानतो म्हणूनच घालतो. तुम्हाला तुमच्या आत जो हिरवा कळंक दिसला, त्याला अश्लागांच्या परंपरेत ‘हाकारात हारा’ म्हणजे वाइटाची ओळख असे नाव आहे आणि ती मार्गातली खरीखुरी पायरी मानली जाते. कल्हईवालासुद्धा आधी पातेले घासतो, आणि घासतानाच डाग ठळक दिसू लागतात. तुमची चूक एवढीच झाली की घासणे चालू असताना तुम्ही पातेले विटले असे समजून ते फेकायला निघालात.

हा थर कशाचा असतो? अश्लागांनीच त्यासाठी पाहुणा आणि यजमान यांचा दृष्टांत दिला आहे. तो आपल्या मराठी घरातल्या पंगतीला इतका लागू पडतो की परकी माणसे तो जितका समजून घेतील त्याहून तो आपल्याला चटकन कळावा. पाहुणा भुकेलेला आहे, समोर ताट वाढलेले आहे, पण फुकट खाण्याची लाज वाटते म्हणून तो ‘नको, आत्ताच जेवून आलो’ म्हणतो. कब्बालात या लाजेला ‘लाजेची भाकर’ म्हणतात. आपल्याकडे तिला मिंधेपणा म्हणतील. यजमान आग्रह करतो, ‘तुमच्यासाठी मुद्दाम केले आहे, दोन घास तरी घ्या’ म्हणतो, आणि पाहुण्याला दिसते की आपण जेवलो नाही तर या माणसाला खरेच वाईट वाटेल. तेव्हा तो हात धुऊन पाटावर बसतो आणि पोटभर जेवतो. त्याची भूक तीच आहे, पदार्थ तेच आहेत, चवही तीच आहे, पण आता तो यजमानाच्या आनंदासाठी जेवतो आहे, आणि घेता घेता देणारा झाला आहे. या दृष्टांतातल्या एका गोष्टीकडे माझे लक्ष अनेक वर्षांनी गेले, आणि तुमच्यासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. पाहुण्याला भूकच नसती तर यजमानाला देण्यासारखे त्याच्यापाशी काहीच उरले नसते. आपल्या भुकेनेच तो यजमानाला आनंद देऊ शकतो.

पाहुण्याच्या त्या पहिल्या ‘नको’ला कब्बालाच्या भाषेत ‘मासाख’, म्हणजे पडदा, म्हणतात, आणि ज्या हेतूने तो नंतर जेवतो त्या हेतूला ‘कव्वाना’ म्हणतात. येथे माझी कल्हईची उपमा तोकडी पडते हे मान्य केले पाहिजे, कारण कथलाचा थर निर्जीव असतो, तर मासाख प्रत्येक वेळी नव्याने उभा करावा लागतो. मात्र एका बाबतीत दोन्ही सारखेच आहेत. कल्हई वापराने झिजते आणि वर्षा-सहा महिन्यांनी पुन्हा करावी लागते, म्हणून कोणी कल्हईवाल्याला लबाड म्हणत नाही. तुमचा हेतू काल शुद्ध होता आणि आज त्यात नणंद येऊन उभी राहिली, तर कालचा हेतू खोटा होता असे त्यावरून ठरत नाही.

आता वाडग्याकडे परत येते, कारण सगळा प्रश्न तेथेच आहे. ‘ढोंगाने सेवा करण्यापेक्षा न केलेली बरी’ हे तुमचे वाक्य ऐकायला प्रामाणिक वाटते, पण आपल्या शास्त्राचे मत याच्या नेमके उलट आहे. तल्मूद या आपल्या प्राचीन रब्बींच्या चर्चाग्रंथाच्या पसाखीम या भागात सांगितले आहे की माणसाने तोरा (धर्मशास्त्र) आणि आज्ञा यांत नेहमी गुंतून राहावे, हेतू शुद्ध नसला तरीही, कारण अशुद्ध हेतूतूनच तो शुद्ध हेतूपर्यंत पोचतो. तुम्ही वर्गात ‘लो लिश्मा’, म्हणजे अशुद्ध हेतूने, आणि ‘लिश्मा’, म्हणजे शुद्ध हेतूने, हे शब्द ऐकले असतीलच. अश्लागांनी आपल्या लेखनात हा दाखला वारंवार घेतला आहे. ‘लो लिश्मा’ ही गुन्ह्याची कबुली नसून शिडीची खालची पायरी आहे, आणि कब्बालाचा मुख्य ग्रंथ जो झोहर, त्यावरच्या आपल्या भाष्याला त्यांनी ‘सुल्लाम’ म्हणजे शिडी हेच नाव दिले. खालच्या पायरीवर पाय ठेवायला लाजणारा माणूस वर जात नाही, तो जमिनीवरच राहतो.

याहून पुढचे एक सांगते. 1933 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मत्तन तोरा’ या लेखात अश्लाग विचारतात की माणूस आणि देव यांच्यातल्या आज्ञा आणि माणूस आणि माणूस यांच्यातल्या आज्ञा, या दोहोंपैकी माणसाला स्वार्थातून बाहेर काढायला कोणत्या अधिक उपयोगी पडतात. त्यांचे उत्तर दुसऱ्या बाजूने आहे. प्रार्थना ठरलेल्या वेळी होते आणि तिची सवय लागून जाते. पण माणसाची गरज ठरावीक नसते, आणि ती मागणारे आपल्याभोवती सतत असतात. विचार करा, तुमच्या घरात अशी एक व्यक्ती अंथरुणावर आहे जी रोज दुपारी, तुमचा मूड असो वा नसो, तोंड उघडून वाट पाहते. तुमच्या वर्गातल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा तो वाडगा मोठा गुरू आहे, आणि तुम्ही नेमकी त्याचीच रजा घेतलीत. पगारी बाई पेज नीट भरवत असेल याबद्दल मला शंका नाही. पण सासूबाईंना ओळखीच्या हाताची सवय आहे. तुमच्या मनातली नणंद त्यांना दिसत नाही, त्यांना फक्त चमचा दिसतो आणि तो कोणाच्या हातात आहे ते दिसते. उद्या भरवताना तो विचार पुन्हा येईल, तेव्हा त्याच्याशी भांडू नका आणि त्याला उत्तरही देऊ नका. पेज फार गरम तर नाही ना, घास नीट गिळला गेला ना, हनुवटीवर ओघळ आला का, याच्याकडे पाहा. लक्ष समोरच्या तोंडाकडे गेले की दाराकडचे कान आपोआप सैल पडतात. एवढे क्षणभर झाले तरी त्या क्षणापुरती कल्हई लागली असे समजा.

तुमच्या खिन्नतेबद्दल मला अधिक काळजी वाटते, आणि येथे मी अश्लागांना सोडून दुसऱ्या घराण्याकडे जाते. लिआदीचे रब्बी श्नेऊर झाल्मन यांचा ‘तान्या’ हा ग्रंथ 1796 साली छापला गेला. तो हसिदी या यहुदी भक्तिपंथाच्या परंपरेतला आहे आणि त्याची वाट अश्लागांच्या वाटेहून वेगळी आहे, पण कब्बालाचे पाणी दोन्हीकडे आहे. तान्यात ‘बेनोनी’ म्हणजे मधल्या पायरीवरचा माणूस रंगवला आहे. त्याच्या आतली वाईट ओढ मेलेली नसते, ती रोज उठते, परंतु तो तिला आपल्या कृतीवर, बोलण्यावर आणि जाणूनबुजून केलेल्या विचारावर ताबा मिळवू देत नाही. आपल्यासारख्या माणसांसमोर हीच पायरी ठेवली आहे. त्या ग्रंथाच्या 27व्या अध्यायात एक गोष्ट अशी सांगितली आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते. नको ते विचार मनात येतात म्हणून जो माणूस दुःखी होतो, त्याचे दुःख गर्वातून येते, असे तेथे म्हटले आहे. तो आपली जागा ओळखत नाही. ज्यांच्या मनात असे विचार कधीच येत नाहीत त्या सिद्ध पुरुषांच्या रांगेत आपण असायला हवे होतो असे त्याला वाटते, आणि तसे नसल्याचे त्याला दुःख होते.

ताई, हे वाचून स्वतःला आणखी एक फटका मारून घेऊ नका. उलट श्वास मोकळा होऊ द्या. तुम्ही ज्या ‘मी’ला उपासाने मारायला निघालात, तोच ‘मी’ उपास मोजत बसला आहे. साडी देताना ‘मी दिली’ म्हणणारा आणि ‘छी, मी किती स्वार्थी’ म्हणणारा, हे दोन्ही आवाज एकाच गळ्यातले आहेत. स्वतःकडे टक लावून पाहत राहिल्याने स्वार्थ कमी होत नाही, कारण टक लावून पाहिले जाते ते स्वतःकडेच. पाहुण्याची लाज कधी संपली ते आठवा. आपल्या भुकेची निंदा करून ती संपली नाही, यजमानाच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर संपली.

म्हणून आत्मपरीक्षणाला वेळ बांधून द्या. रात्री झोपण्यापूर्वी ‘शमा’, म्हणजे देव एकच आहे ही घोषणा, म्हणण्याची आपली जुनी प्रथा आहे, आणि प्रार्थनेच्या पुस्तकात त्याच्या आधी एक उतारा असतो, ज्यात ज्यांनी ज्यांनी मला राग आणला किंवा दुखावले त्यांना मी क्षमा करतो, असे म्हटले जाते. तो वाचा, नणंदेचे नाव मनात घ्या, दिवसातली एखादी चूक आठवली तर ती सांगून टाका, ‘शमा’ म्हणा आणि दिवा मालवा. दिवसभरात तोच विषय पुन्हा डोके वर काढील, तेव्हा त्याला सांगा की तुझी वेळ रात्रीची आहे. दोन महिने असे करूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावेसेच वाटत नसेल, तर त्याला आध्यात्मिक नाव देऊ नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तोही तिक्कूनच आहे.

मैत्रिणीचे कौतुक झाले तेव्हा पोटात पडलेली आग वेगळ्या जातीची आहे. तल्मूद म्हणतो की विद्वानांमधल्या मत्सराने ज्ञान वाढते, म्हणजे ही आगही चुलीत घालता येते. मैत्रिणीला काय येते ते तिच्याकडूनच विचारून घ्या. मत्सराचे विषारी टोक अशाने पुष्कळ बोथट होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. एके काळी आमच्या छोट्या वर्गात माझ्याहून वयाने लहान असलेली बाई हिब्रू अस्खलित वाचत असे आणि माझी जीभ अडखळत असे. सहा महिने मी तिच्याशी धड बोलले नाही. शेवटी एका संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात बसून, ती वांगी चिरत असताना, एक पान तिच्याकडून वाचून घेतले. मत्सर एका रात्रीत गेला असे मी म्हणणार नाही, पण तेव्हापासून तिला शब्द अडला की मीच तिच्यासाठी देवाकडे शब्द मागू लागले. कब्बालाचे थोर आचार्य रब्बी इत्झाक लुरिया, ज्यांना आपण ‘आरी’ म्हणतो, ते 1572 साली इस्राएलच्या उत्तरेकडच्या त्सफात गावात वारले. त्यांच्या शिष्याने, हाइम विताल यांनी, त्यांची एक रीत लिहून ठेवली आहे. सकाळच्या प्रार्थनेपूर्वी माणसाने ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम कर’ ही आज्ञा आपल्यावर घ्यावी. लक्षात घ्या, प्रेम वाटावे असे तेथे म्हटलेले नाही, ती आज्ञा स्वीकारावी असे म्हटले आहे. उद्या सकाळी ती स्वीकारताना त्या मैत्रिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आणा.

त्याच त्सफातमध्ये, आरींच्या आगमनाच्या सुमारापर्यंत, रब्बी मोशे कोर्दोवेरो शिकवीत असत. त्यांनी ‘तोमेर देवोरा’ नावाचा छोटा ग्रंथ लिहिला, ज्यात देवाच्या दयेचे 13 गुण माणसाने कसे अंगी बाणवावेत ते सांगितले आहे. पहिल्याच गुणात ते म्हणतात की माणूस पाप करतो त्या क्षणीसुद्धा त्याच्या हातात चलनवलन ठेवणारी शक्ती देवच पुरवत असतो. अपमान सहन करतो, पण देणे थांबवत नाही. हे मी तुम्हाला दोन कारणांसाठी सांगते. एक म्हणजे, सासूबाईंच्या खोलीत तो नणंदेचा विचार तुमच्या मनात आला, त्या क्षणीही त्याने तुमच्या हातातले बळ काढून घेतले नाही, चमचा खाली पडला नाही. मग तुम्हीच तो का खाली ठेवावा? दुसरे म्हणजे, तुमची नणंद खरोखरच येत नसेल, आणि आली तरी दोन शब्द बोलत नसेल, तर त्याचे दुःख तुमच्या मनात आहे हे तुम्ही पत्रात लिहिले नसले तरी ओळींच्या मधून दिसते. तिने पाहावे ही इच्छा सगळीच अहंकाराची नसते. थकलेल्या माणसाला साक्षीदार हवा असतो. तिला फोन करून सांगा की शुक्रवारी दुपारी ये आणि आईंना तू भरव, मला तेवढी विश्रांती होईल. अशी सरळ मागणी करणे हा स्वार्थ नाही.

चहाबद्दल मला फार बोलावेसे वाटते. यरुशलेमी तल्मूदात एक वचन आहे की डोळ्यांनी पाहिले पण खाल्ले नाही, अशा प्रत्येक गोष्टीचा माणसाला पुढे हिशेब द्यावा लागेल. बाबिली तल्मूदात त्याची दुसरी बाजू आहे. आशीर्वाद न म्हणता जगातल्या वस्तूचा उपभोग घेऊ नये, तसे करणे म्हणजे देवाची वस्तू परस्पर उचलणे. दोन्ही एकत्र ठेवा, म्हणजे घेण्याच्या इच्छेची दुरुस्ती रोज कोठे होते ते दिसेल. उद्या चार वाजता चहा करा, वेलदोडा नेहमीइतकाच ठेचा, कप हातात घ्या आणि पिण्यापूर्वी क्षणभर थांबा. हे थांबणे म्हणजे मासाख. मग ‘शेहाकोल’ हा आशीर्वाद म्हणा, ज्याच्या शब्दाने सर्व काही घडले त्याचे नाव घ्या, आणि त्याने मला आनंद व्हावा म्हणूनच हा वास आणि ही चव केली, मी ती घेतली नाही तर त्याने कोणासाठी केली, असे मनात आणून चहा प्या. आवडीने प्या. न आवडल्यासारखे तोंड करून प्यायलेला चहा हा यजमानाचा अपमान आहे. रोजच्या या एका कपाने तुमच्यात जो बदल होईल तो सोमवार-गुरुवारच्या उपासांनी होणार नाही, असे मला मनापासून वाटते.

पण हा बदल आपण स्वतः घडवतो, असा भ्रम ठेवू नका. अश्लागांचे म्हणणे असे की घेण्याच्या इच्छेने बनलेला माणूस स्वतःच्या बळावर देणारा होऊ शकत नाही, जसे कोणी स्वतःचे केस धरून स्वतःला विहिरीतून वर ओढू शकत नाही. तोरेत असलेला प्रकाश त्याला चांगल्याकडे वळवतो, या प्राचीन वचनावर त्यांचा सगळा भर आहे. म्हणून वाचताना किती समजले याचा हिशेब करण्याऐवजी, ‘मला बदल’ ही मागणी घेऊन वाचा. कृती आपल्या हातात आहे आणि मागणे आपल्या हातात आहे. हेतू फिरवणे त्याच्या हातात आहे. तुम्ही तीन वर्षांत पुष्कळ शिकलात आणि पुष्कळ सोसलेत, पण पत्रात ‘मी मागितले’ असे कोठेही लिहिलेले नाही. मराठीत मागा. आपल्या आज्या एलियाहू हन्नाबीला, म्हणजे संदेष्टा एलियाला, मराठीतच हाक मारत होत्या, आणि ती पोचत होती.

अभ्यास सोडावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. मात्र तो काही दिवस कमी करा, आणि वर्गात शिकलेल्या मोजपट्टीने नवऱ्याला मोजू नका. ‘घेण्याची इच्छा’ हा शब्द स्वतःच्या आत पाहण्यासाठी दिलेला आहे, तो दुसऱ्यावर टाकला की त्याचा दगड होतो. नवरा म्हणतो की तू घरात असून नसल्यासारखी झालीस, ही तक्रार म्हणून ऐकू नका, तो तुम्हाला आग्रह करतो आहे. शिवाय कोणत्याही वर्गात घरच्या माणसांपासून दूर व्हायला सांगू लागले, ऐपतीबाहेर पैसे मागू लागले किंवा औषधे बंद करायला सांगू लागले, तर त्याच दिवशी तेथून उठा. आपल्या वर्गाबद्दल तुम्ही असे काही लिहिलेले नाही, पण कब्बालाच्या नावाने सर्व प्रकारची दुकाने जगभर चालतात म्हणून सांगून ठेवते.

राहिला मलिदा. तो तुम्हीच करा. पोहे तुम्हीच भिजवा, नारळ तुम्हीच खवा, साखर, वेलची, सुकामेवा तुमच्या हातानेच मिसळा, आणि ताटात फळे रचताना खजूर मधोमध ठेवायची तुमच्या आईची रीत असेल तर ती मोडू नका. हाताला चव आहे ती तुम्ही बाजारातून आणलेली नाही, ती कोणीतरी दिलेली आहे, आणि दिलेली गोष्ट लपवून ठेवणे हा विनय होत नाही. मुलाच्या नोकरीचा आनंद घरभर वाटायचा आहे, त्यात जावेला पुढे करून तुम्ही मागे लपलात तर सगळ्यांचे लक्ष तुमच्या लपण्याकडेच जाईल. जावेला बोलवा, पण सोबतीला. खोबरे खवताना दोघी बोला.

प्रार्थना झाल्यावर कोणीतरी म्हणेल, ‘मलिदा तुमच्याच हातचा ना? वाटलेच.’ तेव्हा ‘कसला हो’ म्हणून झटकून टाकू नका आणि रात्री त्यावर झुरू नका. ‘हो, माझ्या हातचा. तुम्हाला आवडला, फार बरे वाटले’ एवढे म्हणा, आणि परात उचलून पुढच्या माणसाकडे जा. सासूबाईंसाठी थोडा आधीच बाजूला काढून ठेवा. त्यांना चावत नसेल तर नारळाच्या दुधात मऊ करून भरवा.

तुमची,
सदरलेखिका